न दुखणारे चट्टे

“जरा शर्ट काढून उन्हाकडे पाठ करा,” असं अनोळखी माणसाला सांगण्याची सरकारी नोकरी मी तीसेक वर्षं केली. दूध डेअरीच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, टोमॅटोच्या बाजारात, आठवडेबाजाराच्या कडेला. पहिल्या वर्षी लाज वाटायची. पुढे सवय इतकी जडली, की मेव्हण्याच्या हळदीला सगळे त्याला हळद फासत होते आणि मी त्याची पाठ न्याहाळत उभा होतो. बायकोनं कोपर मारलं तेव्हा भानावर आलो.

माझं पद कुष्ठतंत्रज्ञ. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत फिरून कुष्ठरोगाचे नवे रुग्ण शोधायचे, त्यांना गोळ्या चालू करायच्या, त्या संपेपर्यंत पाठपुरावा करायचा आणि ज्यांचे हातपाय आधीच वाकडे झालेत त्यांना ते सांभाळायला शिकवायचं. लोक मला ‘चट्टेवाले साळवे’ म्हणत. माझी मोपेड गल्लीत शिरली की दोन-चार जण हळूच बाह्या खाली ओढायचे. त्यांच्याकडेच मी आधी जायचो.

हा चट्टा फिकट असतो, नाहीतर तांबूस. खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही. म्हणून माणूस त्याच्याकडे वर्षानुवर्षं लक्ष देत नाही. ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, पेनाच्या टोकानं हलकेच स्पर्श करायचा आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. चांगल्या कातडीवर बोट लगेच येतं. चट्ट्यावर येत नाही. माणूस डोळे मिटून आपला वाट बघत असतो, “लावताय न्हवं?” असं विचारतो, आणि इकडे आपलं तीनदा लावून झालेलं असतं. तो क्षण मला कधी सरावाचा झाला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पहिल्या डोसनंतर लघवी लाल होते, हे मी प्रत्येकाला बजावून सांगत असे. एका पैलवानाला तेवढं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत तो गडी दारात बसलेला. “साळवे, तुमी मला मारलं राव!” म्हणून गळाच काढला. एक गुरुजी होते, ते गोळ्यांचं पाकीट घरी न्यायला तयार नव्हते. मी दर महिन्याला मोपेडवरून शाळेत जाऊन त्यांच्या खडूच्या डब्यात ते ठेवून यायचो. गुरुजी बरे झाले. पुढे कधी रस्त्यात भेटले तर ओळख देत नसत. आमच्या कामात ओळख न देणारा रुग्ण हाही बरा झालेला रुग्ण असतो, अशी मी समजूत करून घेतली होती.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकाचे संपादक म्हणाले, रोजच्या कामातून, निसर्गातून तुम्हाला देवावरच्या विश्वासाचे काय धडे मिळाले ते लिहा. त्यांना ठाऊक आहे, की माझ्याकडे तसल्या धड्यांच्या चार वह्या आहेत. आमचं चर्च लहान. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, तीन ठिकाणच्या मंडळ्या, त्यामुळे दर तिसऱ्या रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचं काम माझ्याकडे असे. आठवडाभर रस्त्यानं जाता-येता जे दिसेल ते मी टिपून ठेवायचो. धनगरांनी शेतात मेंढ्या बसवल्या की सकाळी ते वावर लेंड्यांनी भरलेलं, तुडवलेलं दिसतं, पण पुढचं पीक तिथंच जोमात येतं. देवही आपलं जीवन असंच तुडवू देतो आणि मग पिकवतो. भीमाशंकरच्या डोंगरात कारवी सात वर्षं नुसता पाला घेऊन उभी असते आणि मग एकदाच सगळा डोंगर जांभळा करते; देवाच्या वेळेची वाट पाहा. चट्टा उन्हातच दिसतो; तसं पाप प्रभूच्या प्रकाशातच दिसतं. माणसाला दुखत नाही हेच त्याचं मोठं दुखणं. या शेवटच्या संदेशाला मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले होते आणि मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या.

मागच्या महिन्यात त्या वह्या काढून वाचल्या. धडे चांगले आहेत. पण सगळे दुसऱ्यांसाठी आहेत. माझ्यासाठीचा धडा त्या वह्यांत नाही, तो हौसाबाईंकडे मिळाला. तोच सांगतो. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत. ज्यांची परवानगी घ्यायची त्यांची घेतली आहे.

हौसाबाई पिंपळवंडीच्या शिवारातल्या. घर पूर्वी मेंढ्यांवर जगणारं, आता ऊस आणि कांदा करणारं. तरी तीस-चाळीस मेंढ्या त्यांनी ठेवल्या होत्या, त्या हौसाबाईंच्या हट्टापायी. त्यांचा रोग कधीच बरा झाला होता. गोळ्यांचा पूर्ण कोर्स मी यायच्या आधीच झालेला. पण उशिरा झालेला. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, पायाचे तळवे बधीर आणि उजव्या टाचेखाली एक जखम, जी भरायची आणि पुन्हा उघडायची. नवरा वारलेला. मुलगा बबन सरळमार्गी, कष्टाळू. त्यानं आईला हाकललं नव्हतं. वाड्यालगत, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणाला लागून, पत्र्याची चांगली खोली बांधून दिली होती, दोन वेळचं ताट सून नेमानं नेऊन ठेवायची. ठेवायची, हातात द्यायची नाही. हौसाबाईंची भांडी वेगळी होती.

मी महिन्यातून एकदा जायचो. घमेल्यात साधं पाणी घेऊन पाय वीस मिनिटं भिजत ठेवायचा, खरबरीत दगडानं टाचेची मेलेली कातडी घासायची, ओल्या पायालाच तेल चोळायचं. कातडी मऊ राहिली की भेगा पडत नाहीत, आणि ज्या पायाला दुखणं कळत नाही त्याला रोज डोळ्यांनी तपासायचं. हे एवढं केलं तर पाय वाचतो. पहिल्या दिवशी मीच करून दाखवलं. “परक्या मानसानं पाय धरला तर मला पाप लागंल,” म्हणून त्या पाय ओढत होत्या. मी म्हटलं, हे माझं कामच आहे. मनात म्हटलं, प्रभू येशूनंही शिष्यांचे पाय धुतले. त्या रविवारचा संदेश तयार झाला.

पाय भिजेपर्यंत गप्पा व्हायच्या. एकदा मी त्यांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं असलेला मेंढपाळ एक हरवलं म्हणून नव्याण्णव रानात ठेवून त्याच्या मागे जातो, ते सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. माझी आवडती गोष्ट. हौसाबाईंनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “बाकीची कुनाच्या भरवशावर सोडली?”

हा प्रश्न मला मंडळीत कुणी कधी विचारला नव्हता. आमच्या भागात उसात बिबट्या बसलेला असतो. मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

“नाय, गोष्ट खरी हाय,” त्या म्हणाल्या. “आमी बी जातो. जावंच लागतं. येकीला सोडून म्होरं निघालो ना भाऊ, तर बाकीच्या दोन दिस नीट चरत न्हाईत. त्यांना कळतं, ह्यो मानूस उद्या आपल्यासाठी बी थांबायचा न्हाई. येकीच्या मागं गेलं की ती येक सापडंल न सापडंल, पर बाकीच्या आपल्या राहत्यात.”

ते मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या संदेशात सांगितलं. वाहवा मिळाली.

प्रत्येक वेळी निघताना हौसाबाई विचारायच्या, “चा ठेवू का?” आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचो, “आत्ताच पिऊन आलो.” चूल समोर, मेंढीचं दूध ताजं, पितळीत साखर. दोन वर्षं मी पिऊनच येत होतो. लोकांना सांगायला माझ्याकडे छापील पत्रकं होती. कुष्ठरोग हात मिळवल्यानं होत नाही, एकत्र जेवल्यानं होत नाही, औषध सुरू झालेला माणूस कुणाला रोग देत नाही. हौसाबाईंना तर औषध संपवूनही वर्षं झाली होती. हे सगळं डोक्याला माहीत होतं. पण त्या वळलेल्या बोटांनी कपाची कड धरलेली दिसायची आणि तोंडातून आपोआप निघायचं, आत्ताच पिऊन आलो.

एक दिवस त्यांनी विचारलं, “साळवेभाऊ, तुमी दुसऱ्याच्या दारी बी पिऊनच जाता, का फकस्त हितंच?”

रागानं नाही विचारलं. पायाला तेल लावता लावता, जरा हसूनच. मी मोपेडला किक मारली ती चार वेळा. गाडी सुरू होईना की माझाच पाय नीट पडेना, कळलं नाही.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे त्या विधीत द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरतो. माझ्या आधी दम्यानं खोकणारे एक काका होते, त्यांच्या मागून मी बिनदिक्कत प्यालो. पिता पिता हौसाबाईंचा कप आठवला. मग संदेशाला उभा राहिलो. विषय आधीच ठरलेला होता: येशूनं कुष्ठरोग्याला स्पर्श केला ती हकीकत. सात-आठ वाक्यं बोललो आणि पुढे शब्द येईनात. पाण्याचा ग्लास घेतला, “आज बरं वाटत नाही,” म्हणालो आणि खाली बसलो. मंडळीनं माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. प्रार्थना योग्य होती, कारण वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी महिना भरला नसतानाही पिंपळवंडीला गेलो. मोपेड लावतानाच म्हणालो, “हौसाबाई, चहा ठेवा.”

त्या मेंढीच्या पायातला काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आज नाय. आज तुमी लाजंपायी मागताय. लाज उतरली की या.”

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा मी काही मागितलं नाही. पाय घासून झाला, तेल लावून झालं आणि त्यांनी न विचारताच कप समोर ठेवला. चहा गोडमिट्ट होता, आलं घातलेला. खोटं कशाला सांगू, पहिल्या घोटाआधी मी कपाची कड अंगठ्यानं पुसली. दुसऱ्या घोटाला पुसायचं विसरलो. कप रिकामा झाला तेव्हा मी मेंढ्यांच्या भावाबद्दल काहीतरी विचारत होतो. माझी भीती गेली ती अशी, आल्याच्या चहाबरोबर. ती घालवायला मी काहीच केलं नाही, जे केलं ते त्यांनी.

माणूस एकदा सुधारला की सुधारला, असं मला वाटत होतं. पुढच्याच हिवाळ्यात ते चूक ठरलं.

बबनची मुलगी सोनाली, हौसाबाईंची नात. तिचं लग्न आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढच्या एका गावात ठरलं. मुलगा शिकलेला, वडील किसनराव, द्राक्षबाग राखून असलेले, कमी बोलणारे. लग्न वैशाखात धरलं होतं. त्याच सुमारास हौसाबाईंच्या टाचेत बाभळीचा काटा शिरला. दुखत नाही म्हणून त्या दोन दिवस तो घेऊनच मेंढ्यांमागे चालल्या. मी पाहिलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. त्यांना पुण्याकडच्या रुग्णालयात भरती करणं भाग होतं.

बबन मला कुंपणाच्या बाहेर घेऊन गेला. “भाऊ, येक काम करा,” तो म्हणाला, “लगीन उरकंपर्यंत तिला तितंच ठिवा. पावण्यांना आमी काय बी सांगितलेलं नाय. आईचे हात दिसले तर सोयरीक मोडंल. पोरीचं नाव खराब व्हईल.” मग कुंपणाच्या काट्या सारख्या करत म्हणाला, “मला आई नको झालीय असं समजू नका.”

“बघतो,” मी म्हणालो.

आमच्या खात्यात ‘बघतो’ म्हणजे हो. मी मनाशी हिशोब जुळवला: जखम भरायला सहा आठवडे, मग विश्रांती, मग नवीन चप्पल करून घ्यायची, असे तीन महिने सहज काढता येतील. खोटं बोलावंच लागणार नाही. ज्या माणसानं मेंढराच्या गोष्टीवर मंडळीची वाहवा मिळवली होती, त्यानं एक मेंढरू बाजूला काढून ठेवायचं कबूल केलं आणि त्याला वैद्यकीय कारणही शोधून दिलं.

एसटीत हौसाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मंचर गेल्यावर त्यांनी विचारलं, “लगीन वैशाखात हाय न्हवं?”

मी हो म्हणालो.

“मंजी मी तंवर तितंच.”

मी पायाबद्दल बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. “पायाचं पायापाशी. बबन्याचं चुकत नाय. मी पोरीसाठी ऱ्हाते. पर तुमी असं गोल गोल बोलू नका, भाऊ. तुमी मला आजपातुर खोटं नाय बोललात. चाच्या टायमाला बी शेवटी खरं केलंत.”

मी पुढच्या सीटची दांडी धरून बसलो. खिडकीतून कांद्याची वावरं मागे जात होती. रुग्णालयात त्यांचे कागद भरले आणि परत आलो.

दोन आठवड्यांनी जुन्नरच्या आमच्या कचेरीत सोनाली आली. एकटीच, कॉलेजची सॅक पाठीला. “साळवेकाका, आजी खरंच पायासाठीच तिथं आहे का?”

या वेळी मी ‘बघतो’ म्हणालो नाही. “पायासाठी नेलंय. पण त्यानंतरही तिला तिथं ठेवायचं ठरलंय, आणि त्याला मीही मान डोलावली,” एवढं सांगितलं. तिनं खाली बघून बोटातली साखरपुड्याची अंगठी दोनदा फिरवली. “मला घेऊन चला,” म्हणाली.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात आजी-नातीचं जे झालं ते भांडणच होतं. हौसाबाई म्हणत होत्या, मी येणार नाय, तुझं चांगलं हुतंय त्यात मी कशाला आडवी येऊ. सोनाली म्हणत होती, लपवून त्या घरात गेले तर आयुष्यभर लपवावं लागेल, तू मेलीस तरी मला मोकळेपणानं रडता यायचं नाही. मग ती एकदम शांत झाली. “आजी, मी त्यांना फोनवर सांगू का? तू नाही म्हणालीस तर नाही सांगणार.”

हौसाबाईंनी आपले हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवले. “सांग,” त्या म्हणाल्या. “माझं काय लपायचं ऱ्हायलंय? सांगून बघ. मोडली तर मोडली, मंजी घर तसंच व्हतं म्हनायचं.”

सोनालीनं अंगणात जाऊन होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. प्रार्थनेला नीट शब्द नव्हते. “प्रभू, या पोरीचं बघ,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ती परत आली. “ते म्हणाले, वडिलांना सांगतो,” म्हणाली.

तीन दिवसांनी किसनराव कचेरीत आले. अंगात पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाकावर बसून राहिले. दोन रुग्ण होते, ते जाईपर्यंत बोलले नाहीत. शिपाई जेवायला गेल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“पोरीची आजी. तुमीच बघता न्हवं तिला?”

मी म्हणालो, रुग्णाबद्दल मी परस्पर बोलत नसतो, पण हौसाबाईंनी स्वतः परवानगी दिली आहे. मग मी पत्रकातलं सगळं सांगितलं. रोग केव्हाच बरा झालाय, घर पेटून विझल्यावर भिंती काळ्या राहतात तसे हात राहिलेत, आग आता नाही. ते ऐकत होते, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे दिसत होतं. पत्रकं वाचून भीती गेलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

“तुमी त्यांच्या हितं खाता-पिता का?” त्यांनी मधेच विचारलं.

नुसतं ‘हो’ म्हणालो असतो तरी खरं होतं. पण एसटीतली हौसाबाई आठवली. म्हणालो, “चहा पितो. पण दोन वर्षं पीत नव्हतो. रोज लोकांना सांगायचो, काही होत नाही, आणि स्वतः टाळायचो.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “मंजी तुमाला बी भ्या वाटत व्हतं.”

“हो.”

“तुमी तर ह्यातलेच.”

“तरी वाटत होतं.”

“मग गेलं कसं?”

“त्यांनी घालवलं. मला लाज वाटू दिली, आणि मग चहा दिला.”

किसनराव उठले. मला वाटलं, निघाले. ते दाराकडे गेले, दार लोटलं, कडी लावली, आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले. उघड्या अंगानं ते खिडकीतल्या उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. मी काही सांगायच्या आधीच.

उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा चट्टा होता. कमरेच्या वर दोन. दंडावर आणखी चार-पाच लहान.

“डोळे मिटा,” मी म्हणालो. पेनाचं टोक टेकवलं. बोट हललं नाही. दुसरीकडे टेकवलं. तिसरीकडे.

“लावताय न्हवं?” किसनराव म्हणाले.

तीन वर्षं त्यांनी ते लपवलं होतं. बायकोपासूनसुद्धा. उन्हाळ्यातही सदरा काढत नव्हते. पोरानं जेव्हा सांगितलं, की मुलीच्या आजीला असं असं आहे, तेव्हा घरातली सगळी किसनरावांकडे बघत बसली, हे आता काय म्हणतात म्हणून. “मी काय म्हननार, साळवे? मला तर तुमचा पत्ता घावला, येवढंच वाटलं,” ते म्हणाले आणि बाकावर बसून सदऱ्यातच तोंड खुपसून रडले. मी त्यांच्या उघड्या पाठीवर हात ठेवला, चट्ट्यावरच. त्यांना तो कळत नव्हता. मग हात खांद्यावर सरकवला. तिथं कळला.

हातापायांच्या नसा अजून शाबूत होत्या. बारा महिने गोळ्या, आणि हातपाय वाकडे होणार नाहीत. हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली: कुणाला कळता कामा नये. आणि जाताना म्हणाले, “लगीन ठरल्यापरमानं हुईल. म्हातारीला मांडवात बशिवल्याशिवाय आमची वरात निघायची न्हाई, असं बबनरावांना सांगा.”

मी सांगितलं. बबन धावत कचेरीत आला, माझे पाय धरायला वाकला, “भाऊ, तुमीच पटवलंत त्यांना,” म्हणाला. मला खरं सांगता येत नव्हतं. दुसऱ्याचं श्रेय गिळून गप्प बसणं आमच्या कामात अनेकदा करावं लागतं. इतकं अवघड ते कधीच गेलं नव्हतं. बबनला मात्र मी एक सांगितलं, की आईला आणायला मी जाणार नाही, तू जा. तो गेला.

वैशाखात लग्न झालं. मी आणि माझी बायको गेलो होतो. हौसाबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, हिरवं लुगडं नेसून. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. शेजारच्या दोन बायांनी खुर्च्या जरा लांब सरकवल्या. जेवणाच्या पंगतीत एक जण ताट घेऊन उठला. हौसाबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सोनाली आणि तिचा नवरा पाया पडायला आले तेव्हा त्यांनी पट्टी बांधलेला पाय लुगड्याआड घेतला आणि दुसरा पुढे केला.

किसनराव मांडवभर फिरून पाहुण्यांचं बघत होते. त्यांना गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. त्यातल्या एका गोळीनं कातडी काळी पडते. त्यांचा चेहरा, कान, हात तांबूस-काळे झाले होते. पाहुणे चेष्टा करत होते, “किसनराव, लग्नाच्या धावपळीत पार रापलात राव!” ते हसून वेळ मारून नेत होते.

मी हौसाबाईंच्या शेजारी येऊन बसलो. त्या बराच वेळ व्याह्यांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न वळता, ओठ हलले न हलले अशा आवाजात म्हणाल्या, “ह्यो रंग उन्हाचा न्हाई.”

मी गप्प राहिलो. तेच माझं कर्तव्य होतं.

“बोलू नका. मी इचारलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी बी तवा अशीच काळी पडले व्हते. आरशात बघायची चोरी. वाटायचं, रोग गेला आन् हे कायमचं आलं. कुनी सांगनारं नव्हतं.” मांडीवर पडलेले अक्षतांचे दाणे त्या वळलेल्या बोटांनी एकेक करून गोळा करत होत्या. “तुमी त्यांना जाऊन सांगा. माझं नाव नका काढू. सांगा, गोळ्या सोडू नका म्हनावं. वरीस-दीड वरसात रंग परत येतो.”

मी उठलो, पाहुण्यांतून वाट काढत किसनरावांपाशी गेलो आणि त्यांच्या कानाशी लागून ते सांगितलं. मी हे आधी सांगितलं होतंच; या वेळी “एका जुन्या रुग्णाचा अनुभव आहे,” एवढंच वर जोडलं.

मांडवाच्या त्या टोकाकडे बघून त्यांनी हात जोडले. हौसाबाई मान खाली घालून दाणे वेचत होत्या.